बिनचुन्याचे पांडव

काल तुमचे दादा येऊन गेले. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, खुर्ची पुढं केली तर ओट्यावरच टेकले. मग जमिनीकडं बघत त्यांनी पाच दगड मागितले.

तुम्हाला जाऊन अजून दोन महिने व्हायचेत. तेराव्याला हेच दादा मांडवात मुकाट बसले होते, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आणि आता अणदूरहून फटफटीवर नळदुर्गला आले ते दगडांसाठी. "परवाच्या आवसंला येळवस हाय," म्हणाले. "औंदा गोडधोड न्हाय, निस्ती पूजा. पर पूजा चुकवता येत न्हाय. आबांनी मांडलेलं पाच पांडव तुमच्याकडं हाईत. तेवढं द्या, बाई."

मी म्हटलं, "भाऊजी, त्या पांडवांना तुम्हीच तर शेतातल्या कोपीबाहेर काढलं होतं."

"काढलं व्हतं. पर दुसऱ्या दगडात मन लागत न्हाय. टाकी लावून घेतो. जात्याला लावत्यात तशी. अंग खडबडीत झालं की चुना धरंल."

टाकी लावणार म्हणे! तुम्ही दसऱ्यापासून येळवशीपर्यंत ज्यांची सेवा केलीत, त्यांच्या अंगावर हा माणूस छिन्नीचे घाव घालून घेणार आणि वरून चुना फासणार. माझ्या तोंडात काय काय आलं होतं, पण घरात तुमचा फोटो ताजा आहे म्हणून गिळलं. "उद्या सांगते," म्हणून त्यांना वाटेला लावलं. आज उन्हं कलायच्या आत ते परत येतील. तोवर मला ठरवायचंय, आणि ज्याला विचारायचं तो माणूस नेहमीसारखा ऐन वेळी जागेवर नाही. तुमची ती सवयच होती.

मला त्या दगडांचा पुळका आहे असं समजू नका. दगड उजळायच्या त्या मशीनचा तर नाहीच नाही. ते खोकं दारात आलं त्या दिवशीच मी काय ते ओळखलं होतं. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलात, दुसऱ्यांचे प्रयोग धुतलेत, पुसलेत, कपाटात लावलेत. निवृत्त झाल्यावर आपलाही एक प्रयोग असावा असं वाटणं मला कळत होतं. पण त्यासाठी आणलंत काय? मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या म्हाताऱ्याला दगड चमकवताना बघितलंत, त्याच्याकडं होतं पाण्याच्या टाकीएवढं मशीन, आणि तुम्ही मागवलंत त्या जातीतलं सगळ्यांत स्वस्त. प्लास्टिकचं एक भगोणं, खाली स्प्रिंगा, त्याखाली मोटार, मधोमध एक दांडा, आणि वरचं झाकण आवळायला बोटानं फिरवायची नट. ते मुळात पितळेच्या किरकोळ वस्तू उजळायला केलेलं होतं, खोक्यावर चित्रच होतं तसं. तुम्ही म्हणालात, दगडही चालतात. ताकाच्या रवीनं विहीर उपसायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो नेमका माझाच नवरा होता.

पहिल्या दिवशी ते सुरू केलंत तेव्हा शेजारच्या महादेवीनं भिंतीवरून डोकं काढलं. "अक्का, पिठाची गिरणी टाकली काय हो?" मी म्हटलं, गिरणीतून निदान पीठ तरी निघतं. तुम्ही हसलात. तुमचं हेच मला कधी सहन झालं नाही, मी टाकून बोलायची आणि तुम्ही हसायचा.

ते मशीन एका जागी बसायचं नाही. मोरीत ठेवलं की थरथरत थरथरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचं. झाकणाची नट आपोआप ढिली व्हायची आणि राखाडी चिखल भिंतीवर उडायचा. मग तुम्ही त्याच्याखाली माझी वाकळ घातलीत. नवी. मला न विचारता. गच्चीवर पत्र्याखाली त्याची गादी केलीत आणि रात्रंदिवस ते तिथं गुरगुरत राहिलं. माझं शिलाई मशीन आपल्या लग्नाच्याही आधीपासून चालतंय, त्यानं या घराला ब्लाऊज शिवून शिवून हातभार लावला, पण त्याला कधी तेल घाला म्हटलं तर तुम्हाला ऐकू यायचं नाही. त्या प्लास्टिकच्या भगोण्याची मोटार तापली की मात्र तुम्ही पंख्यानं वारा घालायला बसायचा.

दगडांचं म्हणाल तर गावातलं कुणी ज्याकडं ढुंकून बघणार नाही ते सगळं आपल्या घरात आलं. बोरी नदीच्या पात्रातल्या गारगोट्या, नांगरटीतून वर आलेले खडे, कुणाची विहीर खणली की त्या मुरमाच्या ढिगावर तुम्ही पिशवी घेऊन हजर. लोक तुम्हाला 'गोटेमास्तर' म्हणायला लागले. तुम्हाला ते माहीत होतं का, मला माहीत नाही. मला माहीत होतं आणि माझा जीव जळायचा. मी स्वतः तुम्हाला त्याहून वाईट काय काय म्हणत होते, पण तो माझा हक्क होता, त्या चहाच्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांचा नव्हता.

आणि कारभार तरी धड करायचा. मशीनबरोबर आलेली घासायची पावडर संपली तर म्हणालात, रांगोळी चालेल, तीही दगडाचीच असते. महिनाभर ते भगोणं रांगोळी खात बसलं आणि दगड होते तसेच बाहेर आले. शेवटी सोलापूरला फरशी घासणाऱ्यांकडून खरी पावडर आणलीत. एकदा विहिरीच्या मुरमातली ती पांढरी काटेरी फुलं, किती नाजूक होती ती, तुम्ही गारगोट्यांबरोबर आत टाकलीत. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत नुसतं ताक. मऊ आणि टणक एकत्र घालू नये, हे व्हिडिओतल्या म्हाताऱ्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं असणार. तुम्ही दोन दिवस जेवणावर लक्ष दिलं नाहीत. मी म्हटलं, एवढं सुतक तर तुमच्या आत्याला धरलं नव्हतं.

मोरीचं तर बोलायलाच नको. ते चिखलाचं पाणी तुम्ही मोरीत ओतत राहिलात आणि एके दिवशी मोरी तुंबली ती तुंबलीच. आत सिमेंटसारखं घट्ट बसलं होतं. ज्याला बोलावलं तो सळई घालून घालून घामाघूम झाला आणि म्हणाला, "मास्तर, हितं पूल बांधला व्हय तुमी?" तेव्हापासून ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जायला लागलं. कढीपत्ता मेला नाही, याचं श्रेय कढीपत्त्याला.

लाईट गेली की तुमची धांदल बघण्यासारखी असायची. मशीन थांबलं की पावडर खाली बसून दगडांना धरते म्हणे. मग तुम्ही माझं उलथनं घेऊन त्या चिखलात ढवळत बसायचा. पत्र्याखाली, घामानं भिजलेले, एका हातानं ढवळताय आणि मला सांगताय, "फिरणाऱ्या पिंपात घातला तर दगड गोल होतो. हे थरथरणारं मशीन आकाराला हात लावत नाही. जसा आहे तसाच ठेवतं, फक्त अंग उजळतं." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मग तुमचं दुसरं पालुपद, जाडी पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि मध्ये एक पायरी चुकवली की ओरखडा शेवटपर्यंत राहतो. एखाद्या दगडावर केसाएवढी रेघ दिसली की तुम्ही निमूट त्याला पहिल्या पायरीवर परत पाठवायचा. चिडचिड नाही, आदळआपट नाही. मला तेव्हा राग यायचा की एवढी सबुरी माणसांच्या वाट्याला का येत नाही.

बरं, एक कबूल करते, तुम्ही आता काही बोलणार नाही म्हणून. तो चपटा हिरवा खडा तुम्ही माझ्या कापायच्या टेबलावर आणून ठेवलात, कापड सरकू नये म्हणून. मी म्हटलं होतं, माझ्याकडं कात्री आहे दाबायला. पण गुळगुळीत असल्यानं त्यानं रेशमाचा एक धागा कधी ओढला नाही. कात्रीनं ओढला असता. मी तो रोज वापरते. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत, चोरून बघत तेवढे होतात.

आता त्या पांडवांचं.

येळवशीला सगळ्या शिवारात कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपी उभ्या राहतात, आत पाच दगड मांडतात, चुना लावून वर तांबड्या कावेचे पट्टे ओढले की ते झाले पांडव. बाकीचे लोक दरसाल बांधावरचे कुठलेही पाच उचलतात. तुमच्या घरची तऱ्हा वेगळी. तुमच्या आबांनी कधीकाळी नदीतून वेचून आणलेले पाच, मुठीत मावतील असे, तेच दरवर्षी लिंबाखालून उचलायचे आणि जुन्या चुन्यावर नवा चुना चढवायचा. इतक्या वर्षांचे थर बसून पाचही सारखेच दिसायचे. पांढरे, फुगीर, त्यातला धर्म कोण आणि भीम कोण ते कुणी सांगू नये.

तीन वर्षांमागं दसरा झाल्यावर तुम्ही शेतात गेलात आणि पिशवीतून ते पाचही घेऊन आलात. मी विचारलं, "दादांना विचारलंत का?" तर म्हणालात, "येळवशीला दाखवतो. बघतच राहील तो." मी कपाळावर हात मारला. मोठ्या भावाला न विचारता त्याच्या शेतातले देव उचलून आणणारा माणूस, आणि तोंडावर आनंद असा की जत्रेतून कुस्ती जिंकून आलाय.

चुन्याची खपली काढताना माझं लिंबूसत संपवलंत. मग ते मशीनमध्ये गेले. एका वेळी दोनच मावायचे, भोवती बारीक गारगोट्यांची फौज. पांडवांचा अज्ञातवास आपल्या गच्चीवर झाला, हे कुठल्या पोथीत नाही. मी दिवसातून दहा वेळा सांगत होते, हे दगड नव्हेत, हे देव आहेत, यांना खाजवू नका. तुम्ही म्हणायचा, देवालाही आंघोळ लागते.

आणि निघाले तेव्हा, आता खोटं कशाला बोलू, मीही शिवण टाकून बघत राहिले. एक कलेजीसारखा लाल. एक मधाच्या रंगाचा. एक हिरवट, एक काळा कुळकुळीत. आणि पाचव्यात पांढऱ्या-करड्या रेघा, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा, एकीच्या आत एक. आबांनी नदीत वाकून हे पाच का उचलले असतील ते तेव्हा मला कळलं. मी जांभळ्या खणाचा तुकडा दिला गुंडाळायला. तोंडानं मात्र म्हटलं, "मार खाऊन याल."

मार परवडला असता. कोपीत दादांनी खण सोडला. कुंचा चुन्यात बुडवला आणि पहिल्यावर फिरवला. चुना ओघळून खाली आला. परत फिरवला, परत ओघळला. काचेवर पाणी मारावं तसं चाललं होतं. भावकीतल्या बायका पदराआड हसायला लागल्या, आणि दादांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"सुभ्या, ह्ये काय करून आणलंस?"

"दादा, साफ केलंय. आकार त्योच हाय, निस्तं..."

"साफ? आबानं मांडलेला देव तुला घाण दिसला व्हय रं? लोक दगडाचा देव करत्यात, तू देवाचा दगड करून आणलास! उचल तुझी खेळणी!"

त्यांचा आवाज पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. लोकांनी आपापल्या कोपीतून माना बाहेर काढल्या. दादांनी पाचही बाहेर सारले, बांधावरून हाताला लागतील ते पाच उचलून आणले, आणि त्या दगडांनी चुना कसा लगेच पिऊन टाकला. खडबडीत असण्याचे फायदे असतात.

आणि तुम्ही काय केलंत? खाली मान घालून डाळी-पालेभाज्यांची ती येळवशीची भज्जी खाल्लीत. दोनदा वाढून घेतलीत. आंबील प्यालात. मी बायकांच्या पंगतीतून बघत होते आणि मला वाटत होतं, उठा, बोला काहीतरी, नाहीतर ताट तरी सरकवा. अपमान झालेला माणूस दुसऱ्यांदा भज्जी घेतो का हो? जाताना खणात दगड बांधून घेतलेत आणि घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या ट्रका मोजल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसलात.

त्या साली तुरीला मर लागली, उभी झाडं वाळली. झालं! ती तूर तुमच्या नावावर. मर साऱ्या शिवारात होती, तुमचा पाय ज्यांच्या रानात कधी लागला नाही त्यांच्याही तुरीत होती, पण भावकीला कारण मिळालं. दादा तसं बोलले नाहीत, पण बोलणाऱ्यांना गप्पही केलं नाही. त्यानंतरच्या दोन येळवशींना बोलावणं आलं नाही. तुम्हीही बिनबोलावता गेला नाहीत. सण आला की गच्चीवर जाऊन मशीनजवळ बसायचा. मी खाली भज्जी करायची, चौघांना पुरेल एवढी, आणि आपण दोघं ती दोन दिवस खायचो.

मी किती भांडले तुमच्याशी. "दगडाला महिना महिना देता, भावाला एक वाक्य देत नाही. जा आणि सांगा नीट, काय केलंत, कसं केलंत." तुम्ही म्हणायचा, "कळंल त्याला कधीतरी." मी म्हणायची, कळत नसतं, सांगावं लागतं. मग एकदा मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणालात, "दादानं एकदा उन्हात धरून बघावा. बास. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे म्हणावं." शिव्यांचं तुम्ही उगाच जोडलंत. तुम्हाला शिव्या नको होत्या. साठी उलटलेल्या माणसाला मोठ्या भावाकडून 'बरं केलंस' एवढं ऐकायचं होतं, आणि ते मागायची लाज वाटत होती. मला हे दिसत होतं. मला तुमची कीवही यायची आणि संतापही.

तुम्ही गेलात त्या सकाळीही ते मशीन चालूच होतं. घर माणसांनी भरलं, बायकांनी गळा काढला, कुणी तुळस शोधतंय, कुणी फोन लावतंय, आणि वर त्याची घरघर चाललेली. कुणाला वाटलं शेजारी बोअर घेताहेत. तुम्हाला बाहेर आणलं तरी ते थांबलं नाही. शेवटी महादेवी वर गेली आणि तिनं वायर ओढली. त्या क्षणी घर इतकं गप्प झालं की मला तेव्हा कळलं, तुम्ही गेलात. तोवर मी नुसती बघत होते.

मग ते समाचाराला येणारे. टपरीवरचे तेच रिकामटेकडे माझ्या सतरंजीवर बसून सांगत होते, कसा छंदिष्ट माणूस, कशी चिकाटी. तुमचे जुने हेडमास्तर 'विज्ञाननिष्ठा' की काय ते दोनदा म्हणाले. तुम्ही त्यांच्या हाताखाली असताना त्यांनी तुम्हाला चहाच्या कपांपलीकडं काही सांगितलं नव्हतं. जाताना त्यातल्या एकानं कपाटातला खडा हळूच उचलून बघितला आणि विचारलं, "वहिनी, ह्याला बाजारात काय भाव येईल?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त.

मला करमत नाही हो. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. इतकी वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या, आणि आता दुपारी शिवायला बसले की हात थांबतो. सवय झाली होती मला, वर तुम्ही आहात याची. मशीनची नव्हे. मशीन भंगारात गेलं तरी माझं काही अडणार नाही. तुम्ही वर बसून काहीतरी बिनकामाचं करताय आणि मी खाली तुमच्या नावानं बोटं मोडतेय, यातच आपला संसार होता, आणि तो बरा होता. हे तुम्ही असताना सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं हसला असतात, म्हणून राहिलं.

तर आता दगड द्यायचे का? देव त्यांच्या घरचे, हे खरं. शेतही त्यांचं, तुमच्या वाट्याला तर फक्त नोकरी आली. पण टाकी लावायला? तुम्ही एक ओरखडा दिसला तर दगड पहिल्यापासून घासत होतात. त्यांना मी टाकीखाली कशी देऊ? आणि नाही म्हटलं, तर तुमच्या भावाचं तोंड मला परत दिसणार नाही. तुमच्या रक्ताचं, तुमच्यासारखं नाक असलेलं तेवढं एकच तोंड उरलंय.

थांबा. फटफटी वाजली.

गेले आत्ता. दार न लावताच लिहायला बसलेय.

मी पाचही पितळेच्या ताटात मांडून ओट्यावर उन्हात ठेवले होते. दादा आले, त्यांनी ताटाकडं बघितलं नाही, पिशवी उघडली. मी म्हटलं, "भाऊजी, टाकी लावणार असाल तर देणार नाही."

"मंग चुना कसा धरंल?"

"नका लावू चुना."

"बिनचुन्याचा पांडव कुणी बघितलाय व्हय, बाई?"

"तुमच्या भावानं बघितलाय. तुम्हीही बघा. पुढ्यात तर आहेत."

ते चिडले. उठायला लागले. मग काय वाटलं कोण जाणे, खाली वाकून त्यांनी रेघांचा तो एक उचलला. म्हातारपणामुळं हात लांब करून धरावा लागतो त्यांना, तसा धरला, आणि त्यावर ऊन पडलं. दादा बघत राहिले. अंगठ्यानं घासून बघितला. मग नखानं खरवडला. जोरात.

"ह्याचा रंग निघंना," म्हणाले.

"रंग कसला?"

"सुभ्यानं दिल्याला."

"त्यांनी कसला रंग दिला?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. "वार्निश न्हाय मारलं त्यानं?"

अहो, ऐका. हा माणूस इतकी वर्षं समजून होता की तुम्ही आबांच्या देवांना बाजारातून आणून ऑइलपेंट फासलात आणि वरून वार्निश मारलंत. दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूला मारतात तसं. चुना ओघळला तो वार्निशवरून ओघळला, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. म्हणून तो आवाज. म्हणून 'खेळणी'. टाकी लावायची होती तीही मुख्य म्हणजे ते वार्निश उडवायला.

मी म्हटलं, "भाऊजी, थेंब नाही लावलेला. हे सगळं आतलंच आहे. आबांनी आणला तेव्हापासूनचं. तुमच्या भावानं फक्त वरचं घासून काढलं."

"आदीपासनं व्हतं ह्ये? चुन्याखाली?"

"आधीपासून."

ते मटकन ओट्यावर बसले. मला दया आली असती, पण मला राग आला होता. त्यांचा आला आणि तुमचाही आला. एका वाक्याचं काम होतं. 'दादा, हा रंग नाही, दगडच असा आहे.' एवढं बोलायला तुम्हाला काय झालं होतं? भज्जी खायला तोंड होतं ना? आणि त्यांनी तरी एकदा नख लावून बघितलं असतं. दोन म्हातारे, एकाच्या तोंडात वाक्य अडकलेलं, दुसऱ्याच्या हाताला नख असून उपयोग नाही. तुमच्या घराण्याला पांडव कशाला हवेत, तुम्ही दोघंच पुरे होतात.

दादांनी एकेक उचलून उन्हात धरला. लाल. हिरवा. काळा. मधाच्या रंगाचा धरला तेव्हा त्यातून ऊन आरपार आलं आणि त्यांच्या तळहातावर पिवळा डाग पडला. ते माझ्याशी बोलायचं विसरले होते. अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाले, "लई बेस केलंस रं, सुभ्या."

तुम्हाला हवं होतं तेच. उन्हात धरूनच.

आणि मला ते पुरलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशीचा तुमचा आवाज पलीकडच्या बांधापर्यंत गेला होता. आज मला जेमतेम ऐकू आलं."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते वर करून माझ्याकडं बघितलं. "उद्या या शेतात," म्हणाले. "बिनचुन्याचंच मांडतो. समद्या भावकीम्होरं म्हणतो. मोठ्यानं म्हणतो." मग उपरणं पसरून त्यात एकेक पांडव वेगळा गुंडाळला, एकमेकांवर घासू नयेत म्हणून, आणि पिशवी हँडलला न अडकवता पोटाशी धरून गेले.

उद्या मी जाणार आहे. ते म्हणतील, आणि नाही म्हणाले तर मी म्हणायला लावीन. आवाज त्या दिवशीइतकाच मोठा हवा, हेही सांगीन. कोपीकोपीतून माना बाहेर येतील, हसलेल्या बायका ऐकतील, तुरीचं बोलणारे ऐकतील, सगळं शिवार ऐकेल. ज्याला ऐकायचं होतं, तो सोडून सगळे.